हाडांतले नाते, नदीतला घोळ

बाजारात रोहू, चिलापी आणि शिंगाळा शेजारी शेजारी मांडलेले असतात. यांतले जवळचे नातलग कोण, असे विचारले तर बहुतेक जण रोहू आणि चिलापीकडे बोट दाखवतील. दोघांच्याही अंगावर खवले. शिंगाळ्याला मात्र मिशा आणि गुळगुळीत कातडी. प्रत्यक्षात रोहूचा जवळचा भाऊबंद शिंगाळाच. चिलापी बरीच दूरची.

याचा पुरावा कवटीच्या मागे, मणक्यांच्या पहिल्या चार-पाच तुकड्यांत असतो. तिथल्या काही भागांची बारीक हाडांची साखळी झालेली असते. पोटातल्या हवेच्या पिशवीला बसलेला ध्वनीचा हादरा ती आतल्या कानापर्यंत पोहोचवते. अर्न्स्ट हाइनरिश वेबर यांनी 1820 मध्ये तिचे वर्णन केले आणि तिला माणसाच्या कानातल्या हाडांची नावे दिली. ती तुलना चुकली होती, कारण माणसाची ती हाडे मणक्यांतून आलेली नाहीत. पण साखळी खरी होती. रोहू, कटला, महसीर, शिंगाळा, मागूर या सगळ्यांत ती आहे. चिलापीत आणि मरळीत नाही. ती असलेल्या माशांचा गट गोड्या पाण्यातल्या जातींपैकी सुमारे दोन तृतीयांश भरतो.

नुसते साम्य मात्र फसवते. सह्याद्रीच्या ओढ्यांत मल्या ओठाखालच्या चकतीने दगडाला चिकटतो, तर काही छोटे मिशीवाले मासे छातीवरच्या घड्यांनी. वाहत्या पाण्याने दोघांना एकच गरज लावली आणि दोघांनी ती वेगवेगळ्या अवयवांनी भागवली. पूर्वजाकडून आलेले नवे वैशिष्ट्य कोणते आणि परिस्थितीने घडवलेले कोणते, हे निवडणे हेच या शास्त्राचे खरे काम. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात त्याला शिस्त लावली. सारा फिंक आणि विल्यम फिंक यांनी 1981 मध्ये त्याच शिस्तीने हाडे तपासून दक्षिण अमेरिकेतल्या विजेच्या सुरीमाशांना शिंगाळ्यांच्या कुळाशेजारी बसवले. नंतरच्या अनेक डीएनए अभ्यासांत ही जोडी टिकली नाही.

इथेच काही जण हाडांचा अभ्यास मोडीत काढतात. तो उतावळेपणा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मात डीएनए उरत नाही, हाडे उरतात. शिवाय डीएनएचा नमुना ज्या माशाचा म्हणून नोंदवला जातो, तो मासा कोणाला तरी आधी नीट ओळखावा लागतो. ती ओळख चुकली तर यंत्र ती चूक बिनबोभाट पुढे नेते.

अशा चुकीची किंमत कावेरी मोजते आहे. कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीराचे 1839 मध्ये वर्णन केले आणि स्थानिक नावावरूनच त्याला ‘खुद्री’ म्हटले. पुढे लोणावळ्याला याच जातीची पिल्ले वाढवून देशभरातल्या पाण्यात सोडली गेली, कावेरीतही. कावेरीत स्वतःचा, पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा अजस्र महसीर होता. एकोणिसाव्या शतकापासून गळ टाकणारे त्याला ओळखत होते, पण त्याचे शास्त्रीय नाव कोणते, याचा उलगडा 2018 मध्ये, शरीररचना आणि डीएनए दोन्ही जुळवून, झाला: टॉर रेमादेवी. पंबार नदीतल्या माशांवरून ही जात 2007 मध्येच नोंदवलेली होती. नाव जुळले तेव्हा तिच्यावर ‘अतिसंकटग्रस्त’ असा शिक्का मारण्याची वेळ आली होती. आपण कोणता मासा कोणाच्या घरात सोडतो आहोत, हे आधी तपासले गेले असते तर पुण्याचा पाहुणा तिथे इतका माजला नसता.

तरीही विद्यापीठांत खवले मोजणाऱ्या, मणके उलगडून पाहणाऱ्या माणसाला जुनाट समजले जाते. यंत्राला पैसा मिळतो, बरणीतल्या माशाला कपाट मिळत नाही. पुण्यातल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या केंद्रासारख्या ठिकाणी जपलेले नमुने ही धूळ खाणारी अडगळ नव्हे. नदीत मत्स्यबीज सोडण्याची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने सही करण्याआधी निदान तिथे एक फेरी मारावी. एका महसीराचे खवले मोजायला फार तर एक दुपार लागते.