घरावरची छत्री आणि आकाशाचा लिलाव

नागझिऱ्याचे अरण्य महाराष्ट्रातील वाचकवर्गाला परिचित झाले ते बव्हंशी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा' या पुस्तकामुळे. १९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झालेले हे जंगल शहरी पर्यटकाला आवडते ते तेथील शांततेसाठी. दूरचित्रवाणीचा आवाज नाही, विजेचा लखलखाट नाही, या गोष्टींचे तो कौतुक करतो आणि दोन रात्रींच्या या अभावासाठी दामही मोजतो. परतताना चोरखमाऱ्याच्या किंवा पिटेझरीच्या बाजूला कौलारू घरांवर बसवलेल्या वाटोळ्या छत्र्या दिसल्या की मात्र त्याचा रसभंग होतो. 'खेडीही आता बिघडली', असा शेरा मारून तो गाडीची काच वर करतो.

या शेऱ्याचा समाचार प्रथम घेतला पाहिजे, कारण तो केवळ पर्यटकच मारतात असे नाही. परिवर्तनवादी चळवळीतील कित्येक कार्यकर्तेही दूरचित्रवाणीची 'मूर्खांची पेटी' म्हणून बोळवण करतात आणि त्या छत्रीखाली बसलेल्या माणसाशी त्या विषयावर बोलायचे टाळतात. स्वतःच्या घरी चार वाहिन्यांवरील चर्चा ऐकणाऱ्याने तेंदूपाने तोडून आलेल्या मजुराला मात्र निसर्गाच्या सान्निध्यात राहण्याचा उपदेश करावा, यात वैराग्य नसून वर्गभेद आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४७ टक्के घरांत दूरचित्रवाणी संच होता. उरलेल्या निम्म्याहून अधिक घरांनी तो घेऊ नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न छत्री असावी की नसावी हा नाहीच. छत्रीतून घरात काय उतरते आणि ते कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी हे साधन आधी समजून घेतले पाहिजे. सार्वजनिक प्रसारण संस्थेची 'डीडी फ्री डिश' ही सेवा घरी घेण्यासाठी साठ ते नव्वद सेंटिमीटर व्यासाची एक छत्री, तिच्या केंद्राशी बसवलेला एलएनबी हा छोटा ग्राहक, काही मीटर तार आणि एक सेट टॉप बॉक्स एवढेच लागते. विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर असलेल्या भारतीय उपग्रहाकडे छत्री रोखावी लागते. गोंदिया जिल्ह्यातून तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे साठ अंश उंचीवर येतो. मध्ये ऐनाची वा मोहाची फांदी आली तर चित्र तुटते, आणि मुसळधार पावसात काही काळ दिसेनासेही होते. एकदा खर्च केला की दरमहा काही द्यावे लागत नाही. चार कोटींहून अधिक घरांत ही सेवा पोचली असल्याचा अंदाज २०२२ च्या सुमारास वर्तवला गेला होता. गरिबाने ती निवडली ती अज्ञानामुळे नव्हे, तर हिशेब करून.

तो हिशेबही पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या दररचनेत खासगी सेवेच्या ग्राहकाकडून पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीपोटीच दरमहा १३० रुपयांपर्यंत आकारण्याची मुभा होती. त्यावर १८ टक्के कर धरला की १५३ रुपये ४० पैसे, म्हणजे वर्षाला सुमारे १,८४० रुपये होतात. सशुल्क वाहिन्यांची किंमत त्यात धरलेली नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची केंद्रीय मजुरी दिवसाला २०६ रुपये होती. केवळ दार उघडण्याचे शुल्क म्हणून नऊ दिवसांची मजुरी! जुलै २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने या शुल्कावरील कमाल मर्यादाही काढून टाकली आणि दर ठरवण्याचे काम बाजारावर सोपवले.

या व्यवहारात अर्थशास्त्राचा एक मूलभूत सिद्धान्त पायदळी तुडवला जात आहे. शेरभर तांदूळ एकाने खाल्ले तर दुसऱ्याला उरत नाहीत, म्हणून तांदळाला किंमत असते. उपग्रहावरून येणाऱ्या लहरींची गोष्ट निराळी आहे. त्या मलबार हिलवर पडतात तशाच नागझिऱ्याच्या जंगलावरही पडतात. आणखी एका घराने त्या झेलल्या म्हणून कोणाच्या वाट्याचे काही कमी होत नाही आणि प्रसारणाचा खर्चही वाढत नाही. अशा वस्तूला कुलूप घालून नंतर किल्ली विकणे म्हणजे टंचाई कृत्रिमरीत्या निर्माण करणे होय. सशुल्क सेवेची पेटी हे ते कुलूप आहे. एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या सेवेला चालत नाही, म्हणून सेवा बदलणाऱ्याला साधनही बदलावे लागते. कोणतीही पेटी कोणत्याही सेवेला चालावी अशी शिफारस नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये केली. संचातच उपग्रहग्राहक बसवण्याचे भारतीय मानकही डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे अडचण तंत्राची नाही. ग्राहक बांधलेला राहावा अशी इच्छा असलेल्यांची ती अडचण आहे.

येथे कोणी म्हणेल की फ्री डिश तर विनामूल्य आहे, मग तक्रार कशाची? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. उपग्रह अमेरिकेचा होता. कार्यक्रम, ग्रहणयंत्रणा आणि व्यवस्था भारताची होती. सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीपासून बनवलेल्या, तीनेक मीटर व्यासाच्या छत्र्या उभारण्यात आल्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण गोंदियाच्या पूर्वेला असलेल्या, तेव्हा मध्य प्रदेशात मोडणाऱ्या छत्तीसगडातील खेडी त्यात होती. सकाळी दीड तास मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास प्रौढांसाठी कार्यक्रम होत. संच शाळेत वा पंचायतीत असे आणि सारा गाव त्यापुढे बसे. त्याच सुमारास गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पिज येथील प्रक्षेपकावरून ग्रामस्थांच्याच सहभागाने, त्यांच्याच बोलीत कार्यक्रम होऊ लागले आणि पुढे युनेस्कोनेही त्यांचा गौरव केला. त्या प्रयोगांत दोष नव्हते असे नाही. ते आणीबाणीच्या काळातच झाले आणि सरकारी प्रचाराचा रंग त्या काळच्या प्रसारणाला चढलेला होता, ही गोष्ट समाजवाद्यांनी तरी विसरता कामा नये. तथापि यंत्र गावाचे आणि हेतू सार्वजनिक, हे तत्त्व त्यांत होते.

आज नेमके उलट झाले आहे. दूरदर्शनचे जमिनीवरील जुने प्रक्षेपक, काही मोजके अपवाद वगळता, २०२२ पर्यंत बंद करण्यात आले. साध्या ॲल्युमिनियमच्या ॲन्टेनावर दिसणारे चित्र नाहीसे झाले. शासनाने मनोरे उतरवले आणि ग्रहणाचा खर्च घराघरावर ढकलला. १६ डिसेंबर २००४ रोजी ३३ वाहिन्यांसह सुरू झालेली सार्वजनिक छत्रीसेवा पुढे दीडशेहून अधिक वाहिन्यांपर्यंत वाढली. त्यांतील खासगी वाहिन्यांसाठीच्या जागांचा लिलाव होतो. हिंदी करमणूक वाहिन्यांच्या गटात बोलीची सुरुवातच कोट्यवधी रुपयांनी होते. एवढी रक्कम कोण भरतो? ज्याला जाहिरातींतून ती वसूल करता येते तो. म्हणजे मजुराने स्वतःच्या पैशाने छत्री घेतली, आणि प्रसारण संस्थेने त्या छत्रीखाली बसलेल्या कुटुंबाचे डोळे लिलावात काढले. सेवा विनामूल्य आहे, कारण विकला जाणारा माल प्रेक्षकच आहे.

याचा परिणाम पडद्यावर दिसतो. लिलावात हिंदीचे वर्चस्व आहे, कारण जाहिरातदाराला बाजार मोठा हवा. मराठीच्या वाट्याला सह्याद्री आणि थोड्या इतर वाहिन्या येतात. झाडीबोली, पोवारी आणि गोंडी बोलणाऱ्या या मुलखासाठी गोंडीची स्वतंत्र वाहिनी नाही. १३ लाख २२ हजार लोकसंख्येच्या गोंदिया जिल्ह्यात २०११ च्या गणनेप्रमाणे सुमारे १६ टक्के आदिवासी आहेत. जाहिरातीच्या बाजारात त्यांची किंमत शून्य धरली गेली आहे. मामा तलावांचा गाळ, धानखरेदी केंद्रांवरील दिरंगाई, तेंदूपानांचा भाव, वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावे हे येथले जीवनमरणाचे विषय आहेत. शैक्षणिक वाहिन्या आहेत आणि त्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्रीवरून 'टिलीमिली' ही मालिका मराठी मुलांपर्यंत पोचली, ती या सार्वजनिक व्यवस्थेमुळेच. पण तो अनुभव हेच सिद्ध करतो की इच्छा असली तर उपग्रहाचा उपयोग गरिबाच्या घरासाठी होऊ शकतो. त्यासाठी महामारीची वाट का पाहावी?

'लोकांना जे आवडते तेच दाखवले जाते', हे लिलाववाद्यांचे ठरलेले उत्तर आहे. निवडीचे स्वातंत्र्य पानात वाढलेल्या पदार्थांपुरतेच असते. जे शिजवलेच नाही ते आवडले नाही असे म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप असा की आता हातोहाती मोबाइल आला असल्याने छत्रीचे दिवस सरले. जंगलाच्या कडेला, टेकड्यांच्या आडोशाला मोबाइलचे जाळे कसे मिळते हे तेथे राहणाऱ्याला विचारावे. शिवाय मोबाइलवर चित्र पाहायचे तर रिचार्ज संपताच पडदा काळा होतो. छत्रीला महिना संपल्याचे कळत नाही. गरिबाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. तिसरा आक्षेप पैशाचा: लिलाव नको तर सेवा कशी चालावी? त्याचे उत्तर असे की लिलाव सर्वस्वी बंद करण्याची मागणी कोणी करत नाही. सगळ्या जागा विक्रीयोग्य नाहीत एवढेच मान्य करावे आणि विक्रीचे उत्पन्न प्रेक्षकाकडे कार्यक्रमरूपाने परतावे.

या भूमिकेला न्यायालयीन आधारही आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणासंबंधीच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नसावी आणि भांडवलदारांचीही नसावी, हे त्या निर्णयाचे सार होते. त्याआधी जनता राजवटीत वर्गीस समितीने १९७८ साली 'आकाश भारती' या स्वायत्त न्यासाची शिफारस केली होती. १९९० साली प्रसार भारती कायदा झाला आणि १९९७ साली तो अमलात आला. परंतु स्वायत्तता कागदावर राहिली आणि उत्पन्नाची चिंता तेवढी वाढली. सरकारच्या मुठीतून सुटण्याऐवजी प्रसारण सरकार आणि बाजार या दोन्ही मुठींत सापडले.

मग मागण्या कोणत्या? एक, सार्वजनिक छत्रीसेवेवरील निश्चित संख्येच्या जागा लिलावाबाहेर राखून ठेवाव्यात आणि त्यांत राज्यभाषांबरोबर गोंडीसारख्या आदिवासी भाषांना स्थान द्यावे. दोन, लिलावाच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा नागपूरसारख्या केंद्रांतील स्थानिक कार्यक्रमनिर्मितीसाठी बांधून द्यावा. झाडीपट्टीच्या रंगभूमीने पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक जमवला आहे, तेथे कलावंतांचा दुष्काळ नाही. तीन, कोणत्याही कंपनीची पेटी कोणत्याही सेवेला चालेल असा नियम सक्तीने लागू करावा आणि संचांत उपग्रहग्राहक बसवणे अनिवार्य करावे. चार, जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या २,५३९ कोटींच्या प्रसारण योजनेत दुर्गम, आदिवासी व नक्षलग्रस्त भागांसाठी आठ लाखांहून अधिक पेट्या विनामूल्य वाटण्याची तरतूद होती. त्यांतील किती पेट्या कोणत्या गावी, कोणाच्या घरी पोचल्या, याची यादी ग्रामसभेपुढे वाचली जावी.

या चौथ्या मागणीपासून आरंभ करणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी तालुक्यांतील ग्रामसभांत हा विषय मांडता येईल, माहितीच्या अधिकारात जिल्ह्याची यादी मागता येईल. कोणत्या घरी छत्री आहे, ती कोणी बसवली, तिच्यावर काय पाहिले जाते आणि काय पाहायला हवे आहे, हे घरोघर विचारता येईल. पाण्याचा हक्क, जंगलाचा हक्क, जमिनीचा हक्क यांसाठी चळवळ लढली. आकाशाचा हक्क हा त्याच मालिकेतला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा लिलाव बिनबोभाट होतो, इतकेच. नागझिऱ्याच्या वेशीवरील मजुराने छत्री स्वतःच्या कमाईतून उभी केली आहे. तिच्यात काय पडावे हे सांगण्याचा अधिकार त्याला मिळवून देणे हे काम त्याच्यासोबत बसून करायचे आहे, त्याच्या छतावरची छत्री पाहून नाक मुरडत नव्हे.