कळफलक : आचारी, आचार्य आणि एक लांबलेली रंगीत तालीम



गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत एक प्रसंग घडला आणि या वेळचा विषय आपोआप ठरला. स्मरणिकेसाठी जुने हिशेब गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, बरीच वर्षं मंडळाचे चिटणीस होते. २००२ साली आम्ही उधन्याला राहत होतो. त्या वर्षीचा गणेशोत्सवाचा जमाखर्च आप्पांनी घरच्या सेकंडहँड संगणकावर, विंडोज ९८ वर टाइप केला होता. कामरेजला राहायला आलो तेव्हा ती सीडी माळ्यावर गेली. आप्पांना जाऊन आता चार वर्षं झाली.

सीडी उघडली, फाईलही उघडली, पण आत मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे, टक्क्याची चिन्हं यांची नुसती खिचडी. मग मी एका रविवारी छोटा प्रोग्रॅम लिहिला, खिचडीचं मराठी केलं आणि कौतुकाने ग्रुपवर टाकलं. बैठकीत कार्यकारिणीतल्या एका तरुणाने विचारलं, "दादा, यात 'आचार्यांना १,५०० रुपये' लिहिलंय. हे कोण आचार्य? पावती दिसत नाही."

प्रश्न साधा होता, विचारण्यात वाईट हेतूही नव्हता. पण मला तो लागला. आप्पा रिक्षाचे सुटे पैसेसुद्धा वहीत लिहायचे. उत्तर द्यायला ते नव्हते आणि कागद तर मीच ग्रुपवर टाकला होता.

या कोड्याचं उत्तर शोधण्यासाठी थोडं मागे जावं लागेल, एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या रंगीत तालमीपर्यंत.

नाटकाच्या तालमी असतात तशा सॉफ्टवेअरच्याही असतात. पक्की आवृत्ती विकायला येण्याआधी कच्च्या आवृत्त्या निवडक लोकांना वापरायला देतात. त्यांना बीटा म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज एनटी ५.०' ची तालीम भलतीच लांबली. पहिली बीटा सप्टेंबर १९९७ मध्ये आली, दुसरी ऑगस्ट १९९८ मध्ये. ऑक्टोबर १९९८ मध्ये तिचं बारसं पुन्हा झालं आणि नाव पडलं 'विंडोज २०००'. तिसरी बीटा एप्रिल १९९९ मध्ये आली, तिचा बिल्ड क्रमांक २०३१. मग आणखी तीन जवळजवळ पक्क्या आवृत्त्या निघाल्या. १५ डिसेंबर १९९९ ला बिल्ड २१९५ वर शिक्का बसला आणि १७ फेब्रुवारी २००० ला ती बाजारात आली. पहिल्या बीटापासून सव्वादोन वर्षांहून जास्त.

आपल्यासाठी या तालमीचं महत्त्व वेगळं आहे. विंडोजला खऱ्या अर्थाने देवनागरी लिहिता-वाचता येऊ लागली ती याच आवृत्तीत. हिंदी, मराठी, कोकणी, संस्कृत आणि तमिळ या भाषा तिच्या यादीत होत्या.

मग त्याआधी आपण मराठी टाइप करत नव्हतो का? करत होतो, पण ते सोंग होतं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण अशी नावं अनेकांना आठवतील. त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टची युक्ती एकच होती. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं किंवा त्याच्या तुकड्याचं चित्र बसवायचं. संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच अक्षरं, मराठी फक्त मुखवट्यापुरती. फॉन्ट काढला की मुखवटा गळायचा. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, त्यामुळे एकाची फाईल दुसऱ्यात उघडली की पुन्हा खिचडी.

यावर उपाय होता युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक. १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्येच देवनागरी होती आणि तिची मांडणी आपल्याकडच्या 'इस्की' या प्रमाणावर बेतलेली होती. एनटी घराण्याचं विंडोज १९९३ पासून मजकूर युनिकोडमध्येच साठवत होतं. म्हणजे कोठार तयार होतं, ताटात वाढणारा नव्हता.

वाढणं अवघड का? 'कि' हे अक्षर बघा. बोलताना आधी क, मग इ. संगणकात क्रम तोच ठेवायचा, पण पडद्यावर ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी काढायची. 'सूर्य' मधला र लिहिताना य च्या डोक्यावर चढतो. 'क्ष' मध्ये दोन व्यंजनं मिळून तिसरंच रूप होतं. इंग्रजीसारखं एकापुढे एक अक्षर ठेवून भागत नाही. त्यासाठी एनटी ५.० मध्ये 'युनिस्क्राइब' नावाची यंत्रणा आली. नोव्हेंबर १९९८ मध्ये, म्हणजे तालीम चालू असतानाच, मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरांसाठीच्या मासिकात तिच्यावर सविस्तर लेख आला होता.

यंत्रणेला फॉन्टही तसाच हवा, कोणत्या अक्षरांचं कुठे काय रूप होतं ते जाणणारा. तो होता 'मंगल', आणि त्यामागचा हात आपल्या माणसाचा: प्रा. र. कृ. जोशी. सुलेखनकार, मराठी कवी आणि मुंबईच्या आयआयटीतले शिक्षक. २००८ साली ते गेले. आपल्यापैकी अनेकांनी संगणकावर वाचलेलं पहिलं खरंखुरं मराठी मंगलमधलंच असणार, पण त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

आता तुम्ही म्हणाल, मग २००२ मध्ये आप्पा जुन्याच फॉन्टला का चिकटले? कारणं साधी आहेत. घरी होतं विंडोज ९८, वेगळ्या घराण्याचं. त्यात देवनागरीची सोय आली नाही. विंडोज २००० आणि पुढे एक्सपीमध्ये सोय होती, पण सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि मूळ सीडी मागितली जाई. दाराला कडी आतून होती म्हणा ना. २००७ च्या व्हिस्टापासून ती कडी निघाली. छापखान्यातलं पेजमेकर तर युनिकोड मराठी घेतच नसे. घर ते छापखाना, सगळा रस्ता जुन्या फॉन्टचाच होता.

आता पुन्हा आचार्यांकडे. बैठकीनंतर मी नानांकडे गेलो. नाना आप्पांचे जुने सोबती. मोबाईल लांब धरून त्यांनी ती ओळ वाचली आणि हसायलाच लागले. म्हणाले, "अरे, इथे गुजरातेत स्वयंपाक्याला महाराज म्हणतात हे ठीक, पण आचार्य कुणी केलं त्याला? भंडाऱ्याला नंदुरबारहून तिघे आले होते. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. अजून चव आहे तोंडात!"

आचारी! आप्पांनी लिहिलं होतं 'आचाऱ्यांना'. माझ्या प्रोग्रॅमने केलं 'आचार्यांना'.

घरी येऊन कोड उघडला. मराठीत र चे दोन जोड आहेत. 'आचार्य' मध्ये तो रफार होऊन डोक्यावर जातो. 'आचाऱ्यांना' मध्ये य च्या अंगाला आडवा चिकटतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हाही तसाच फरक. जुन्या फॉन्टमध्ये त्या आडव्या र चं चित्र वेगळ्या जागी होतं. युनिकोडमध्ये त्यासाठी नुसता साधा र घेऊन भागत नाही, खाली टिंब असलेला ऱ वापरतात. मी माझ्या तक्त्यात दोन्हींसमोर साधाच र लिहिला होता. चूक ना फॉन्टची, ना विंडोजची, ना आप्पांची. माझी होती. बी.ई. मी झालो, पण शुद्ध आप्पांनी लिहिलं होतं.

तक्ता सुधारून फाईल पुन्हा फिरवली. 'बिचार्या' चं 'बिचाऱ्या' झालं, 'पायर्या' च्या 'पायऱ्या' झाल्या. ग्रुपवर दुरुस्त प्रत टाकली आणि खाली लिहिलं: "आधीच्या प्रतीतली चूक माझी होती. मूळ हिशेबात 'आचाऱ्यांना' असंच आहे." त्या तरुणाचा लगेच फोन आला. म्हणाला, "दादा, सॉरी." मी म्हटलं, "सॉरी कशाला? तू विचारलंस म्हणून तर सापडलं."

मंडळी, तुमच्याही माळ्यावर अशा सीडी असतील. कुणाच्या आईच्या पाककृती, कुणाच्या आजोबांच्या आठवणी. चार गोष्टी करा. फाईलमध्ये खिचडी दिसली म्हणून ती पुसू नका. त्याच सीडीवर किंवा जुन्या संगणकात फॉन्टची फाईल असेल तर तिची प्रत आधी जपून ठेवा, कारण मजकुराची किल्ली तीच. बदललेला मजकूर मूळ फाईलवर चढवू नका, वेगळा ठेवा. आणि शेवटी तो त्या काळच्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. प्रोग्रॅम अक्षरं लावून देतो, पण त्या भंडाऱ्याला कोण जेवलं होतं ते नानांनाच माहीत असतं.

सीडी उघडत नसेल तर रविवारी सकाळी माझ्याकडे या. सुधारलेला तक्ता तयार आहे आणि चहाही मिळेल.

भेटू पुढच्या अंकात.