पुढे पाठवले म्हणजे निकाली काढले नव्हे

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (सेवा),
सामान्य प्रशासन विभाग,
मंत्रालय, मुंबई 400 032

(योग्य मार्गाने)

विषय : कार्यालयांतील टोलवाटोलवी थांबवून प्रत्येक प्रकरणाची जबाबदारी एका नावावर निश्चित करण्याबाबत.

संदर्भ : 1) महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, 2005
2) महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधील नियम 3

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे जिल्हा व तालुका पातळीवरील निरनिराळ्या शासकीय कार्यालयांतले लिपिक, वरिष्ठ लिपिक आणि आवक-जावक सांभाळणारे कर्मचारी आहोत. हे निवेदन पगार, पदोन्नती किंवा महागाई भत्त्याच्या थकबाकीसाठी नाही; त्यांची निवेदने वेगळी दिली आहेत आणि ती कुठल्या टेबलावर आहेत हे आम्हांला ठाऊक आहे. इथे प्रश्न वेगळा आहे. आमच्या हातून रोज पुढे जाणाऱ्या कागदांचा निर्णय नक्की कोणी घ्यायचा, एवढाच.

एक प्रकरण तपशिलाने मांडतो. आमच्यापैकी एका कार्यालयातला शिपाई नियत वयोमानाने निवृत्त झाला. सेवापुस्तक तपासताना लक्षात आले की, मधली काही वर्षे तो दुसऱ्या तालुक्यातल्या कार्यालयात होता आणि त्या वर्षांची सेवा पडताळणीची नोंदच राहून गेली आहे. काम तसे किरकोळ. तिथल्या वेतन देयकांवरून खात्री करायची, सेवापुस्तकात एक ओळ लिहायची, खाली कार्यालयप्रमुखाची सही आणि शिक्का. आस्थापना शाखेने त्या कार्यालयाला पत्र पाठवले. उत्तर आले, ‘मूळ सेवापुस्तक सोबत नसल्याने प्रकरण परत.’ सेवापुस्तक हातोहात पाठवले. ते नव्या शेऱ्यासह परत आले : ‘सदर कालावधीत आहरण व संवितरणाचे अधिकार या कार्यालयाकडे नव्हते, संबंधितांकडून पूर्तता करून घ्यावी.’ संबंधित म्हणजे कोण, याबद्दल अवाक्षर नाही. मग वरच्या कार्यालयाकडे मार्गदर्शन मागितले. त्यांनी ‘नियमानुसार आपल्या स्तरावर कार्यवाही करावी’ असे कळवले आणि पत्राची प्रत त्या दुसऱ्या कार्यालयाला ‘उचित कार्यवाहीस्तव’ दिली. एकच पत्र आता दोन्ही कार्यालयांच्या दप्तरात होते आणि ते समोरच्यासाठी आहे अशी दोघांचीही खात्री होती. वेतन पडताळणी पथकाकडे सेवापुस्तक नेले, तर तिथे सेवा पडताळणी अपूर्ण असल्याची त्रुटी लागली. महालेखापाल कार्यालयाकडे प्रस्ताव पाठवण्याची वेळच आली नाही.

दरम्यान तात्पुरते निवृत्तिवेतन सुरू करता आले असते. नियमांत तशी सोय आहे. पण ज्यांच्या सहीने ते व्हायचे, त्या साहेबांकडे पदाचा अतिरिक्त कार्यभार होता. त्यांनी ‘नियमित अधिकारी हजर झाल्यावर सादर करावे’ असा शेरा मारला आणि ते मोकळे झाले. ज्या माणसाने नोकरीभर याच फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेल्या, तो सोमवारी-सोमवारी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसू लागला. शेवटी तक्रार वर गेली, विचारणा झाली आणि कारणे दाखवा नोटीस निघाली ती आस्थापना लिपिकाच्या नावाने. का, तर प्रत्येक पत्राच्या स्थळप्रतीवर आद्याक्षरे त्याचीच होती! ज्यांनी निर्णय घ्यायचा होता, त्यांचे नाव विलंबाच्या कागदावर कुठेच नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळे काय?

महोदय, या सगळ्या फेऱ्यांत एकाही टेबलाने उघडपणे नियम मोडलेला नाही. आमचे दुखणे तेच आहे. 1 जुलै 2006 पासून लागू असलेल्या वरील अधिनियमाच्या कलम 10 प्रमाणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. दुसऱ्या विभागाकडे जावे लागत नसेल तर 45 दिवसांत आणि जावे लागत असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. कायदा चांगला आहे. पण प्रत्यक्षात सात दिवस मोजले जातात ते टेबलाचे. सहाव्या दिवशी फाईल पुढे सरकवली की टेबल स्वच्छ. 45 दिवस आणि तीन महिने हे प्रकरणाचे असतात, मात्र प्रकरण ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’ गेले की परतताना त्याला नवा आवक क्रमांक पडतो आणि दिवस पुन्हा एकपासून सुरू होतात. महिनाअखेरच्या गोषवाऱ्यात पुढे पाठवलेले प्रकरण ‘निर्गत’ रकान्यात जाते. त्या शिपायाचे प्रकरण आमच्या माहितीप्रमाणे तीन वेगवेगळ्या कार्यालयांत निकाली निघालेले आहे. त्याच्या हातात मात्र एक रुपया पडलेला नव्हता.

ई-ऑफिसने हे बदलेल असे आम्हांला वाटले होते. फाईल कोणाकडे किती दिवस होती हे त्यात दिसते, ही गोष्ट मान्य. पण कागदी फाईल टोलवायला निदान शिपाई लागायचा. आता एका क्लिकवर ती वर जाते आणि दुसऱ्या क्लिकवर खाली येते. ढकलाढकलीचा वेग वाढला, एवढीच सुधारणा.

तोंडी आदेशांचे तर विचारूच नका. ‘बघून घ्या’, ‘तुमच्या लेव्हलला मिटवा’, ‘माझं नाव नको’ ही वाक्ये कुठल्याही टिपणीत सापडणार नाहीत. ‘चर्चा करावी’ हा शेरा सापडतो, पण चर्चेत काय ठरले ते सापडत नाही. वर्तणूक नियमांतील नियम 3 याबाबत स्पष्ट आहे. वरिष्ठांच्या निदेशानुसार काम करायचे तर निदेश शक्यतो लेखी घ्यावा, ते शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा. आणि त्याच नियमाच्या स्पष्टीकरणात असेही आहे की, अधिकार वाटून दिलेले असताना गरज नसलेले मार्गदर्शन किंवा मान्यता वरून मागवून कोणालाही आपली जबाबदारी टाळता येणार नाही. मार्गदर्शन मागवणारी पत्रे लिहिण्यात आमची निम्मी दुपार जाते, म्हणून हे स्पष्टीकरण आम्हांला पाठ आहे. त्याच्या आधारे कोणावर कारवाई झाल्याचे आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

यास्तव आमच्या मागण्या अशा.

सर्वांत आधी, प्रकरण पुढे पाठवणे किंवा परत करणे याला निर्गती धरू नये. पहिल्या आवकेची तारीख आणि क्रमांक प्रकरणाबरोबर शेवटपर्यंत राहावा आणि गोषवाऱ्यात ते निर्णय होईपर्यंत शिल्लक दिसावे. एवढी एकच मागणी मान्य झाली तरी बाकीच्या अर्ध्या आपोआप गळून पडतील. कारण आज फाईल ढकलण्यात फायदा आहे आणि ती ठेवून निर्णय घेण्यात धोका.

दुसरे, ज्या कार्यालयात प्रकरण पहिल्यांदा येईल तिथल्या एका अधिकाऱ्याचे नाव व पदनाम प्रकरणाच्या पहिल्या पानावर असावे. विषय खरोखरच दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 6(3) मध्ये जशी पाच दिवसांची मुदत आणि अर्जदाराला कळवण्याची अट आहे, तशीच इथेही असावी. वर्ग करणे एकदाच व्हावे. ज्याच्याकडे वर्ग झाले त्याला ते आपले नाही असे वाटले, तर वाद दोन्ही कार्यालयप्रमुखांनी आपसांत मिटवावा. फाईल मात्र हलू नये.

‘उचित कार्यवाहीस्तव’ आणि ‘संबंधित’ हे शब्द पदनाम व अपेक्षित कृती लिहिल्याशिवाय वापरण्यास मनाई करावी. त्रुटी, टेबल आमचे असो की वरचे, एकाच पत्रात सगळ्या काढाव्यात. हप्त्याहप्त्याने काढलेली त्रुटी विलंब समजावी. ‘चर्चा करावी’ या शेऱ्याखाली चर्चेचा निष्कर्ष शेरा मारणाऱ्यानेच लिहावा.

अतिरिक्त कार्यभार असलेल्या अधिकाऱ्याला त्या पदाचे नेहमीचे सर्व निर्णय घेणे बंधनकारक असल्याचे कार्यभाराच्या आदेशातच नमूद व्हावे. पदे रिक्त राहतात हे आम्ही समजू शकतो, पण रिक्त खुर्चीच्या नावावर सहीही रिक्त राहते, ती का?

संदर्भ 1 मधील अधिनियमाच्या कलम 9 नुसार कार्यालयप्रमुखाने कोणाला कोणते अधिकार दिले आहेत त्याची यादी प्रसिद्ध करायची असते आणि अंतिम निर्णयासाठी तीनपेक्षा जास्त स्तर असू नयेत. ही यादी प्रत्येक कार्यालयाच्या दर्शनी भागात लावावी. विलंबाची नोटीस यादीत ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला आधी जावी, नंतर आम्हांला. आमच्या हातून कागद रखडला असेल तर आम्ही उत्तर देऊ. त्यातून सुटका मागत नाही.

शेवटी या निवेदनापुरती एक विनंती. ते अभिप्रायासाठी पुन्हा आमच्याच जिल्ह्यात पाठवू नये. आले तर ते आमच्याच टपालात येईल, त्यावर ‘स्वयंस्पष्ट अभिप्राय सादर करावा’ असा शेरा पडेल आणि अभिप्रायाचा मसुदा आम्हांलाच करावा लागेल. निर्णय आपल्या विभागाच्या अधिकारातला आहे. तो मान्य असो वा अमान्य, कोणी घेतला त्या अधिकाऱ्याच्या नावासह तीन महिन्यांत कळवावा.

आपले विश्वासू,
सह्या करणारे कर्मचारी
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीस्तव : कोणासही नाही.