थट्टेची वेस

आमचे चिरंजीव यंदा अकरावीत आहेत. दसऱ्याच्या सुमारास एका रात्री साडेबारा वाजता त्यांच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. मुलगा इतक्या रात्री अभ्यास करीत असेल, अशी शंका आम्हां उभयतांना कधीच आलेली नाही. पण एकट्याने हसतो म्हणजे काय? सौभाग्यवतींचा चेहरा काळजीने उतरला, तेव्हा मी उठून दार ढकलले.

चिरंजीव मोबाइलवर लिहीत बसले होते. काय, तर मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबच्या नावाने खोटी निवेदने! त्यासाठी त्याने इन्स्टाग्रामवर एक खाते उघडले होते आणि वर ठळक लिहिले होते, 'हे विडंबन आहे.' आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक. 'विडंबन' हा शब्द दिसताच रागवायचे राहूनच गेले.

एक निवेदन असे होते : 'प्रेक्षकांच्या सोयीसाठी मैदानात वाहत्या पाण्याची व्यवस्था केली आहे. साबण घरून आणावा.' 2024 च्या मे महिन्यात आर्सेनलविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी पाऊस आला आणि ओल्ड ट्रॅफर्डचे छप्पर धो धो गळले, त्यावर ही मल्लिनाथी. दुसरे : 'ग्रिम्झबी हे गाव नकाशात कोठे आहे, ते खेळाडूंनी उद्या पाठ करून यावे.' 2025 च्या ऑगस्टमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्झबी टाउनने या धनाढ्य क्लबला पेनल्टींवर 12-11 असे हरवले होते.

"हा तुझा लाडका क्लब ना रे? मग त्याचीच अब्रू का काढतोस?"

"बाबा, 2013 नंतर लीग जिंकलेली नाही. 2024-25 मध्ये वीस संघांत पंधरावा नंबर. हसलो नाही तर रडावं लागेल."

मला एकदम आचार्य अत्रे आठवले. 1925 साली 'केशवकुमार' या नावाने त्यांनी 'झेंडूची फुले' काढली, तेव्हा कवींची खोड मोडायला आधी त्या कवींचा अभ्यास करावा लागला होता. साचा मूळचा, आतला माल आपला. आणि साचा इतका बेमालूम की, वाचणाऱ्याने क्षणभर फसावे व लगेच हसावे. वर्गात वीस वर्षे मी हेच सांगत आलो. इथे पोराने ते न शिकता केले होते. मी दोन सुधारणा सुचवून झोपायला गेलो.

चार दिवसांनी तोच मला बोलवायला आला. शेजारच्या इमारतीतला त्याचा मित्र लिव्हरपूलचा भक्त. मार्च 2023 मध्ये लिव्हरपूलने युनायटेडला 7-0 असे लोळवले होते. त्यावरून दोघांची रोज जुंपायची. त्या दिवशी चिडाचिडीत मित्राने विमानाचे एक चित्र पाठवले. उत्तरादाखल चिरंजीवांनी एक निवेदन तयार केले होते. त्यात 97 हा आकडा होता.

"97 म्हणजे काय रे?"

"काहीतरी जुनं आहे. त्यांना सगळे असंच चिडवतात."

मलाही ठाऊक नव्हते. मग आम्ही दोघे मिळून वाचायला बसलो. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूलचे सामना पाहायला गेलेले 97 प्रेक्षक तिच्यात प्राणाला मुकले. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. दोष प्रेक्षकांचाच, अशी आवई पोलिसांनी उठवली. ती खोटी होती, हे न्यायासनासमोर ठरायला 2016 साल उजाडले. आणि ते विमान? 6 फेब्रुवारी 1958 रोजी म्यूनिकच्या बर्फाळ धावपट्टीवर युनायटेडचा संघ घेऊन निघालेले विमान कोसळले होते. तेवीस माणसे गेली, त्यांत आठ खेळाडू. त्या 7-0 च्या सामन्याआधीच दोन्ही क्लबांच्या प्रशिक्षकांनी मिळून प्रेक्षकांना विनवले होते की, या मृत्यूंवरून एकमेकांना चिडवू नका.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, छप्पर गळलं त्यावर हसलेलं चालतं ना?"

"चालतं. छप्पर दुरुस्त करता येतं. पंधरावा नंबर पुढच्या वर्षी सुधारता येतो. ज्याला पुन्हा डाव मांडता येतो, त्याची थट्टा करावी. त्या दहा वर्षांच्या मुलाला कसला डाव?"

त्याने ते निवेदन पुसून टाकले. एवढ्यावर भागले असते. पण तो चप्पल घालून शेजारी गेला. दोघे मित्र जिन्यात तासभर बोलत बसले होते, असे सौभाग्यवतींनी खिडकीतून पाहून सांगितले. रात्री विमानाचे चित्रही नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी 7-0 वरून पुन्हा पूर्वीसारखी जुंपली, तेव्हा मला हायसे वाटले.

एवढ्या उपदेशाची दक्षिणा मला धनत्रयोदशीला मिळाली. त्या खात्यावर नवे निवेदन झळकले : 'मँचेस्टर युनायटेडच्या प्रशिक्षकपदी मराठीच्या एका प्राध्यापकांची नेमणूक झाली आहे. प्रत्येक सरावापूर्वी खेळाडूंनी पाऊण तास व्याख्यान ऐकावे. जे जांभई देतील त्यांना बाकावर बसवण्यात येईल.' वर माझे छायाचित्र!

सौभाग्यवतींनी ते कौतुकाने साऱ्या नातेवाइकांना पाठवले. 'हे विडंबन आहे' ही ओळ पाठवायची तेवढी राहून गेली. पाडव्याला सकाळीच नगरहून आत्याचा फोन. आनंदाने तिचा गळा दाटून आला होता.

"अरे, इतकी मोठी नोकरी लागली आणि मला लोकांकडून कळावं? निघायचं कधी? तिकडे थंडी फार असते म्हणतात. स्वेटर विणायला घेतलाय!"

स्वेटर लाल रंगाचा आहे. तो नको म्हणून सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.