फुकटची पीडीएफ: इल्म कुठे संपतो, धंदा कुठे सुरू होतो?

स्पर्धा परीक्षेच्या क्लासची व्हिडिओ लेक्चर्स, नीटच्या नोट्स, नव्या पुस्तकाचं पानन्‌पान स्कॅन केलेली पीडीएफ. हे सगळं आज टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फुकट फिरतं. आपल्या घरांत याकडे कुणी चोरी म्हणून पाहत नाही. मुलांना विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘इल्म वाटल्याने वाढतो, त्यात गुन्हा कसला?’ हे उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर दिल्ली उच्च न्यायालयातले तीन खटले पाहावे लागतील.

पहिला खटला इंटरनेटचा नाही, झेरॉक्सचा आहे, पण पाया तोच आहे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. अभ्यासक्रमातल्या पुस्तकांची निवडक प्रकरणं एकत्र करून विद्यार्थ्यांना दिली जात होती. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयाने दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, असं न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी स्पष्ट केलं. पुढे अपिलात काही मुद्दे पुन्हा उघडले, पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच माघार घेतली. आधार होता कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ चा. शिक्षक किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या कामात केलेली नक्कल हे उल्लंघन नाही, असं हे कलम सांगतं. म्हणजे वर्गासाठी एखाद्या प्रकरणाची प्रत काढणाऱ्या शिक्षकाने घाबरायचं कारण नाही.

दुसरा खटला आपल्या मुलांच्या मोबाइलच्या जास्त जवळचा. इंग्रजीची पुस्तकं लिहिणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षांचे क्लास घेणाऱ्या नीतू सिंग या शिक्षिकेने टेलिग्रामला कोर्टात खेचलं. त्यांची पुस्तकं आणि लेक्चर्स टेलिग्राम चॅनेलवर परवानगीशिवाय टाकली जात होती. एक चॅनेल बंद केलं की दुसरं उभं राहायचं. आमचा सर्व्हर सिंगापूरला आहे, तिथल्या कायद्यामुळे नावं देता येत नाहीत, असं टेलिग्रामने सांगितलं. ३० ऑगस्ट २०२२ रोजी कोर्टाने हा बचाव नाकारला. त्यानंतर टेलिग्रामने काही चॅनेल चालवणाऱ्यांची नावं, फोन नंबर आणि आयपी अ‍ॅड्रेस बंद लिफाफ्यात कोर्टाला दिले. पुढे ही माहिती खटल्याच्या कामापुरती फिर्यादीलाही मिळाली.

इथे पालकांनी थांबून विचार करावा. ‘ग्रुपवर कोण पाहतंय’ हा भरवसा आता उरलेला नाही. हा दावा दिवाणी होता, पण याच कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यवसायासाठी केलेलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. पण हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं आहे. सरकारी नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते. त्याच नोकरीची तयारी करणारा मुलगा चोरीच्या नोट्सचं चॅनेल चालवत असेल, तर तो स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय.

तिसरा खटला साय-हबचा. महागडे संशोधन-लेख फुकट देणारी ही वेबसाइट कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये सुरू केली. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दावा लावला. फुकट लेखांशिवाय आमचं संशोधन चालणार नाही, असं सांगत भारतातले शास्त्रज्ञही कोर्टात गेले. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये साइट बंद करण्याचा आदेश निघाला. खटला चालू असताना नवे लेख टाकणार नाही, ही कोर्टाला दिलेली हमी पाळली गेली नाही, हे त्यामागचं मोठं कारण.

आता आपल्या बाजूने पाहू. ही बाब फक्त सरकारी कायद्याची नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात लेखकाचा हक्क शरीअतनेही संरक्षित असल्याचा ठराव केला. उपखंडातल्या काही जुन्या उलमांचं मत वेगळं होतं, पण मुफ्ती तकी उस्मानींसारख्यांनी हा हक्क मान्य केला. कुणाच्या मेहनतीची कमाई बुडवून सवाब मिळतो, असं समजणं कठीण आहे.

मात्र सगळा दोष मुलांवर टाकणंही बरोबर नाही. क्लासची फी आणि पुस्तकांच्या किमती परवडत नाहीत, म्हणून ही पोरं तिकडे वळतात. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही ६,००० कोटींची योजना मंजूर केली. सुमारे १३ हजार जर्नल्स तीन वर्षांसाठी ६,३०० हून अधिक संस्थांना खुली होणार. पण या संस्था सरकारी व्यवस्थापनाच्या आहेत. समाजाने उभारलेली खासगी अल्पसंख्याक कॉलेजं त्यात बसत नाहीत. आपल्या आमदार-खासदारांना निवेदन द्यायचं असेल तर विषय हा घ्यावा.

तोवर हलाल रस्ते बंद नाहीत. बालभारतीची पुस्तकं, उर्दू माध्यमाचीसुद्धा, ई-बालभारतीवर मोफत आहेत. एनसीईआरटीची आहेत. आयआयटी खरगपूरने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. लेखकाच्या निधनाला ६० वर्षं झाली की हयातीत छापलेलं त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं, म्हणून इक्बाल आणि साने गुरुजी मोबाइलवर बिनधास्त वाचता येतात.

आणि ज्या महागड्या पुस्तकाची चोरीची पीडीएफ पन्नास जणांना पाठवली जाते, त्याच्या दोन प्रती मोहल्ल्याच्या लायब्ररीत ठेवता येतील. जकातीतून करायचं असेल तर आधी आलिमांना विचारा, सदक्यातून तर आजच करता येईल. एक पुस्तक दहा मुलांनी पाळीपाळीने वाचणं कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही.