तिजोरीचे विश्वस्त

अर्थसंकल्प सादर झाला की कोणाच्या पदरात काय पडले, याची चर्चा घरोघरी रंगते. पदरात पडलेल्या रुपयाचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. भंडारा जिल्ह्यात उभे राहून हा प्रश्न विचारला, तर उत्तर वैनगंगेच्या पात्रातच दिसते.

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणण्याचा संकल्प होता. २००९ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला. पुढे खर्चाचा अंदाज अठरा हजार कोटींच्याही वर गेला, म्हणजे जवळपास पन्नास पट! भूसंपादन, पुनर्वसन आणि भाववाढ ही कारणे खोटी नाहीत. परंतु प्रत्येक वर्षाच्या विलंबाने त्यांचा भार वाढवला. कालव्यांच्या कामांतील गैरव्यवहाराचे आरोप तर चौकशी यंत्रणांपर्यंत पोहोचले. भूमिपूजनाच्या वेळी पंचविशीत असलेला धान उत्पादक आज साठी ओलांडून गेला आहे. त्याची उमेदीची वर्षे कोणत्या हिशेबात धरायची?

अशा वेळी चिंतामणराव देशमुख यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सनदी सेवेतील त्यांच्या कारकिर्दीचा मोठा काळ मध्य प्रांत व वऱ्हाडात गेला. भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. नागपूरच्या सचिवालयात त्यांनी अर्थखात्याचे सचिवपद सांभाळले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री होते. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच कारकिर्दीत राबवली गेली. शेती व पाटबंधाऱ्यांवर तिचा भर होता. तरीही ती संपताना घाऊक किमती प्रारंभीच्या पातळीहून खालीच होत्या. विकासासाठी खर्च करायचा, पण गरिबाच्या खिशातील रुपयाचे मोल घटू द्यायचे नाही, हा तोल त्या काळात साधला गेला.

१९५६ च्या जानेवारीत त्यांनी आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण केले. त्या धोरणाविषयी मतभेद असू शकतात. मात्र विमेदारांच्या ठेवींचा काही कंपन्यांनी केलेला गैरवापर हे त्यामागील एक प्रमुख कारण होते, हे विसरता येत नाही. दुसऱ्याचा पैसा हाती असणे म्हणजे विश्वस्तपद, ही त्यामागील भूमिका होती. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. खुर्ची सोडता येते, हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच तिजोरीपाशी उभे राहून ‘नाही’ म्हणता येते. नेहरूंच्या मंत्रिमंडळातील या माजी सहकाऱ्याला १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने आपला उमेदवार मानले, ते त्यांची योग्यता व चारित्र्य पाहूनच.

काटकसर म्हणजे हात आखडणे नव्हे, हेही याच जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून शिकवले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बालकांचा अंत झाला. अग्निसुरक्षेची व्यवस्था अपुरी होती, हे त्यानंतर उघड झाले. जो खर्च वेळेवर व्हायलाच हवा, तो न करणे ही बचत नव्हे. ती कर्तव्यच्युती होय. गोसीखुर्दमध्ये कोट्यवधी रुपये ओतूनही पाणी वेळेवर पोहोचले नाही. रुग्णालयात तुलनेने अल्प खर्चही वेळेवर झाला नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच दोष आहे. पैसा कोणासाठी आहे, याचाच विसर पडला.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांनी येथील धानशेती पिढ्यान्‌पिढ्या जगवली. तलाव बांधून कोणी मोकळा होत नसे; पाळ सांभाळावी लागे, गाळ काढावा लागे, पाण्याची वाटणी पाहावी लागे. सरकारी तिजोरीलाही हाच नियम लागू आहे. घोषणा म्हणजे केवळ पहिली कुदळ.

म्हणून राज्यकर्त्यांकडे नव्या कोनशिलेची मागणी करण्यापूर्वी जुन्या कोनशिलेचा हिशेब मागण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. ग्रामसभा आहे, २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. उणीव आहे ती विचारणाऱ्यांची. आपल्या गावच्या कालव्याचे काम कधी मंजूर झाले, किती रक्कम आली, कोठे अडले, एवढे तरी कार्यकर्त्याने जाणून घ्यावे आणि चार घरी सांगावे. चिंतामणरावांसारखा अर्थमंत्री प्रत्येक पिढीला लाभेलच असे नाही. परंतु तिजोरीचे खरे धनी जागे असतील, तर विश्वस्तालाही सावध राहावेच लागते.