चाळीस मिनिटांचे प्रदर्शन

गेल्या महिन्यात आम्ही मुंबईला जाऊन आलो. काम एकच होते, खत्ताती म्हणजे सुलेखनाचे प्रदर्शन पाहणे. आमच्या अब्बांनी वर्तमानपत्रात बातमी ऐकली (आता ते वाचत नाहीत, नातू वाचून दाखवतो) आणि म्हणाले, "एकदा बघून येऊ या का?" अब्बा स्वतःसाठी काही मागतील, असे वर्षानुवर्षे घडलेले नाही. आम्ही लगेच हो म्हटले.

अब्बांनी तरुणपणी मुंबईत एका उर्दू दैनिकात वीसेक वर्षे किताबत केली. रोजच्या बातम्या बोरूने पिवळसर कागदावर लिहायच्या, मग त्या छापायच्या. 1981 मध्ये लाहोरच्या 'जंग'ने संगणकावरची नस्तालीक वापरायला सुरुवात केली, 1994 मध्ये 'इनपेज' आले, आणि थोड्याच वर्षांत आपल्याकडचे कातिबही घरी बसले. अब्बा महाडला परतले आणि दुकान टाकले. आता वय चौऱ्याहत्तर. काचबिंदूने एक डोळा गेला आहे, दुसऱ्याची नजरही आक्रसत चालली आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. म्हणून घाई होती.

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस रविवार. फजरनंतर डबा बांधून पहिली एसटी पकडली. आम्ही दोघे, दहा वर्षांचा मुलगा आणि अब्बा. दहा-साडेदहापर्यंत पोहोचू, असा हिशेब होता. पण पेणच्या अलीकडे वाहतूक अशी तुंबली की दक्षिण मुंबईतल्या त्या कलादालनाच्या दारात उभे राहिलो तेव्हा एक वाजून गेला होता.

दारावर कळले, शेवटचा दिवस असल्याने दोन वाजता बंद. बातमीत सहा वाजेपर्यंत असे होते. पिशव्या बाहेर ठेवा. ठेवल्या. लिफ्ट बंद. दोन जिने अब्बांनी कठडा धरून चढले. वर पोहोचल्यावर लक्षात आले, भिंग पिशवीतच राहिले. मुलगा धावत खाली गेला, पावती दाखवून भिंग घेऊन आला. आत पाऊल ठेवले तेव्हा एक वाजून वीस मिनिटे झाली होती.

आणि आत अंधार! म्हणजे आम्हाला तसे वाटले. जुना कागद आणि त्यावरचे रंग उजेडाने फिके पडतात, म्हणून अशा दालनात साधारण 50 लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवतात. नियम योग्यच आहे. पण ज्याची नजर अधू, त्याच्या हाती काय लागणार? अब्बा काचेजवळ वाकले, भिंग लावले, तोच रखवालदार म्हणाला, "चाचा, काचेला टेकू नका." माहितीच्या पाट्या बारीक अक्षरांत आणि फक्त इंग्रजीत. आमचा आवाज चढू लागला होता. अब्बांनी हाताने थांबवले. "त्याची नोकरी आहे ती," म्हणाले.

मग त्यांनी नातवाला जवळ घेतले. "मला नीट दिसत नाही. तू बघ आणि सांग. अलिफ दिसतो? त्याच्या उंचीत किती नुक्ते बसतील?"

मुलाला प्रश्नच कळेना. अब्बांनी समजावले. कलमाचे तिरपे कापलेले टोक कागदावर टेकवले की चौकोनी ठिपका उमटतो, तो नुक्ता. हीच खत्तातीची मोजपट्टी. दहाव्या शतकात बगदादचे वजीर इब्न मुक्ला यांनी अक्षरे नुक्त्यांनी मोजायची रीत बसवली. नस्तालीकमध्ये अलिफ साधारण तीन नुक्त्यांचा, नस्खमध्ये पाचाच्या आसपास. मुलगा डोळे बारीक करून मोजू लागला. "दादा, तीन! याचे तीन आहेत!" अब्बा हसले. "म्हणजे नस्तालीक. आता 'बे'चं पोट बघ."

असे चार फलक झाले. पाचव्यापाशी असताना वेळ संपल्याची सूचना झाली. अर्धे दालन तसेच राहिले.

जवळच्या मशिदीत जोहर अदा केली, थंड झालेला डबा उघडला. भाडे, तिकीट, टॅक्सी यांचा हिशेब करत आम्ही चिडचिड करत होतो. तेवढ्यात मुलाने विचारले, "दादा, तुम्ही लिहिलेलं कुठे ठेवलंय?"

"वर्तमानपत्र ते. दुसऱ्या दिवशी रद्दी."

त्यांनी ते सहज म्हटले. पण आमचा हिशेब तिथेच थांबला. वीस वर्षे रोज लिहिलेले अक्षर, आणि घरात त्याचा एक कागद आहे की नाही, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. पोटमाळ्यावर त्यांची पत्र्याची पेटी आहे. सफाईच्या वेळी आम्ही ती फक्त सरकवत आलो.

परतल्यावर पेटी उघडली. चार बोरू, एक छोटा चाकू, सुकलेली दौत आणि काही कागद निघाले. त्यात अब्बांनी कोवळ्या वयात उस्तादांपुढे गिरवलेली पाने होती. अलिफच अलिफ, कडेला उस्तादांच्या लाल खुणा.

आता रविवारी दुपारी नातू त्यांच्यापाशी बसतो. अजून फक्त नुक्तेच चालू आहेत. अब्बांना ते स्पष्ट दिसत नाहीत, पण कागदावर बोरूचा आवाज ऐकून ते सांगतात, "दाबू नकोस. पुन्हा."

वाचकहो, वडीलधाऱ्यांना घेऊन प्रदर्शनाला जायचे असेल तर आधी फोन करून वेळ, लिफ्ट आणि बसायची सोय विचारा, आणि शेवटचा दिवस टाळा. पण त्याआधी घरातल्या पेटीची धूळ पुसा. शिवणकाम, सुतारकाम, विणकाम, किताबत, जे काही त्या हातांनी केले असेल ते विचारून घ्या. दालने पुन्हा उघडतील. अब्बांची नजर किती दिवस साथ देईल, हे अल्लाहलाच ठाऊक.